ओल्या हाताने पेटणारी पट्टी : देवगडच्या नोंदी

१८ मे २०२५

आंबा आटपला. दादाच्या प्रेसमध्ये पेट्यांची छपाई थांबली आणि स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल एकदाचं रिकामं झालं. मार्चपासून त्या टेबलावर 'देवगड हापूस' सोडून दुसरं काही उमटलं नव्हतं. आता गणपती मंडळांची पावती पुस्तकं येईपर्यंत ते माझं.

काम काय, ते आधीच लिहून ठेवते. तांडेलकाकांच्या ट्रॉलरवर जाळं ओढताना खलाशी मागे विंचपाशी, म्हणजे जाळ्याचा दोर गुंडाळणाऱ्या यंत्रापाशी असतात आणि काका पुढे केबिनमध्ये. मध्ये इंजिनाचा धडधडाट. 'थांब' म्हणून ओरडावं आणि पुढे 'ओढ' ऐकू जावं, हे बोटीवर हसण्यावारी नेता येत नाही. वायररोप, म्हणजे तारेचा दोर, ताणात असतो आणि बोटं त्याच्या शेजारी असतात. सध्या हात हलवून, शिट्टी मारून, नाहीतर पत्र्यावर लोखंड आपटून भागवतात. मध्यंतरी बटणांची पेटी बसवली होती. खारं पाणी आत शिरलं आणि हंगाम संपायच्या आत बटणं गंजून बसली. टचस्क्रीनचं तर नावच नको. काका फोन उचलायला आधी बोट लुंगीला पुसतात, मग फोन पुसतात, मग पुन्हा बोट. तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो.

हवी आहे ती विंचजवळच्या खांबाला गुंडाळता येईल अशी पातळ पट्टी. तिच्यावर तीन घरं: ओढ, हळू, थांब. हात मारला की ते घर पेटावं आणि केबिनमधल्या जोडीच्या पट्टीवरही तेच पेटावं. कोरड्या हाताची अट घातली की काका काय म्हणणार ते ठाऊक होतं, आणि तेच म्हणाले: "हात ओलो नाय तर बोटीवर हात कसलो?"

२१ मे

घडीच्या फोनमध्ये असतो तो ओएलईडी पहिल्याच दिवशी बाद. त्यातले सेंद्रिय थर आणि धातूचा कॅथोड बाष्पाला इतके हळवे की आवरणातून दिवसाला चौरस मीटरमागे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त वाफ आत जाता कामा नये, असा दंडक आहे. साध्या पॉलिएस्टर फिल्ममधून काही ग्रॅम जाते. कोकणात, तेही प्रेसच्या मागच्या खोलीत, त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

जुनी वाट बरी. १९३६ साली फ्रान्समध्ये जॉर्ज देस्त्रिओ यांना दिसलं की तांब्याचा अंश असलेली झिंक सल्फाइडची पूड एरंडेल तेलात कालवून उलटसुलट होणाऱ्या विजेच्या क्षेत्रात धरली की ती उजळते. १९६० साली क्रायस्लरने मोटारीच्या डॅशबोर्डला हाच उजेड दिला, आणि १९९२ साली टायमेक्सच्या 'इंडिग्लो' घड्याळांतून तो लोकांच्या मनगटावर पोचला. हिरवट निळा, गार, कुठेही डोळ्यांत न खुपणारा. रात्री केबिनमध्ये काकांना समुद्रावरचा अंधार बघायचा असतो, त्यामुळे हा मंदपणा मला दोष वाटतच नाही.

आतलं काम असं. पुडीच्या प्रत्येक कणात तांब्याच्या संयुगाच्या अतिसूक्ष्म सुया असतात. क्षेत्र त्यांच्या टोकांशी एकवटतं आणि एका टोकातून इलेक्ट्रॉन, दुसऱ्यातून धन भार कणात फेकले जातात. क्षेत्राची दिशा उलटली की ते एकमेकांना भेटतात आणि उजेड पडतो. म्हणून एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीजच लागते. व्होल्टेज साधारण शंभरच्या घरात, वारंवारता काही शे ते दोनेक हजार हर्ट्झ. वारंवारता वाढवली की उजेड वाढतो आणि निळसर होतो, पण आयुष्य घटतं.

तसं बघितलं तर ही नुसती एक कपॅसिटरची, म्हणजे विजेचा भार साठवणारी पट्टी: खाली चांदीच्या शाईचा थर, त्यावर बेरियम टायटनेटचं इन्सुलेशन, त्यावर फॉस्फर, म्हणजे ती उजळणारी पूड, आणि सगळ्यात वर पारदर्शक वाहक थर. त्या शेवटच्या थरावर दोन दिवस डोकं खाजवते आहे. पारदर्शक वाहक म्हणून सगळे वापरतात तो इंडियम टिन ऑक्साइड ठिसूळ. पेडॉट नावाचं वाहक प्लॅस्टिक वाकतं छान, पण हवेतलं पाणी ओढून घेतं.

२५ मे

वेधशाळेने मोसमी वारे देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं. मे संपायच्या आतच. आंब्याच्या रिकाम्या पेट्या अंगणात होत्या, त्या आत घेण्यात सकाळ गेली. बंदरात बोटी वर ओढून शाकारायची घाई. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. पण दर्या ती तारीख बघून थांबलेला नाही.

दुपारी पाऊस बघत बसलेली असताना सुचलं की वरचा थर छापायचाच कशाला. चांदीच्या दोन पट्ट्या एकाच पातळीवर शेजारी शेजारी छापायच्या, मध्ये फट. त्यावर इन्सुलेशन, त्यावर फॉस्फर, आणि वर काही नाही. अशी पट्टी आपली आपण पेटणार नाही, कारण वीज एका पट्टीतून निघून वर येते आणि दुसरीपर्यंत जायला तिला पूल नसतो. ओला पंजा टेकला की पूल तयार. खारं पाणी पारदर्शकही आहे आणि वाहकही. म्हणजे जो थर मी विकत आणणार होते तो काकांच्या हाताला फुकट लागलेला असतो.

कल्पना जगाला नवीन नाही. दक्षिण कोरियातल्या योन्सेई विद्यापीठात या जातीच्या पट्ट्यांवर बरंच काम झालंय. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली प्लॅस्टिकवर १६ गुणिले १६ ठिपक्यांची ओएलईडीची कातडी केली होती. जिथे दाबाल तिथे आणि जितकं दाबाल तितकं उजळायचं. तिथल्याच कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ साली झिंक सल्फाइड सिलिकॉन रबरात मिसळून, वर खाली मिठाच्या पाण्याची जेली इलेक्ट्रोड म्हणून लावली आणि ती पट्टी मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणली, तरी पेटत राहिली. ती जेली वाचूनच माझं डोकं मिठाकडे वळलं असणार. ते मीठ लिथियम क्लोराइड होतं, आपलं साधंच चालेल.

३ जून

चांदी छापली. दादाला पट्ट्यांचा नमुना दाखवला, एक मिलिमीटरची रेघ, एक मिलिमीटरची फट, कंगव्यात कंगवा घातल्यागत. तो म्हणाला, लग्नपत्रिकेवरची नक्षी याहून बारीक असते. खरं आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्याचा हात माझ्या पदवीपेक्षा उपयोगाचा. चांदीच्या पेस्टचा भाव कळल्यावर मात्र स्क्वीजीवर, म्हणजे शाई ओढायच्या रबरावर उरलेलीसुद्धा तो पट्टीने खरवडून डबीत भरायला लागला.

फॉस्फरसाठी वेगळी जाळी ताणावी लागली. कण २०-३० मायक्रॉनचे. बारीक जाळीत ते अडकतात आणि ते ज्यात कालवलेत ती राळ तेवढी खाली उतरते. ७७ टी, म्हणजे सेंटीमीटरला ७७ धाग्यांच्या जाळीतलं छिद्र साधारण ८० मायक्रॉनचं, त्यातून सुखाने जातात. दादाकडे तीच जाळी कापडी पिशव्यांसाठी होती.

९ जून

फिल्म आधी भाजून घेतोय. पेस्ट १२० अंशांवर सुकवावी लागते आणि पॉलिएस्टर त्या तापमानाला थोडं आकसतं. पहिला थर छापून भाजला की दुसऱ्याची खूण जुळत नाही. कोरी फिल्म आधीच भट्टीतून काढली की जे आकसायचं ते आकसून घेते. भट्टी म्हणजे वहिनीचा केक करायचा ओटीजी. त्यात आता केक होणार नाही असं लेखी दिलंय.

बेरियम टायटनेट दोनदा छापायचं, पहिला थर पूर्ण सुकल्यावरच दुसरा. एका थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. दोन थरांतली छिद्रं नेमकी एकमेकांवर यायची शक्यता कमी. इथे काटकसर चालणार नाही, कारण याच थराच्या एका बाजूला शंभर व्होल्ट आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा ओला हात.

लाईट दिवसाआड जाते. अर्धवट सुकलेले तुकडे बाजूला टाकलेत, त्यांच्यावर वळणाच्या चाचण्या करीन.

२२ जून

पेटली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला इन्व्हर्टर लावला. बारा व्होल्ट आत, साधारण एकशे दहा बाहेर, वारंवारता हजार हर्ट्झच्या आसपास. पट्टी काळीशीच. वर पॅकिंगवाल्यांकडची १२ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म चिकटवली आहे. फिल्म जितकी जाड तितका उजेड कमी, आणि ती नसेल तर मी कुणाला हात लावू देणार नाही.

बाटलीत बंदरावरचं पाणी आणलं होतं. ड्रॉपरने एक थेंब सोडला. थेंबाच्या आकाराचाच उजेड, कडा अगदी धारदार. पट्टी कलती केली तसा थेंब घसरला आणि मागे बारीक पेटलेली रेघ सोडत गेला. रेघ तुटून छोटे छोटे मणी झाले, मणी वेगवेगळे पेटत राहिले. मग कोरडं बोट टेकवलं आणि मागून, पारदर्शक फिल्ममधून बघितलं. चांदीच्या रेघांच्या मधल्या फटींत माझ्या बोटाच्या वळ्या दिसत होत्या, उंचवटे उजळ आणि खाचा काळ्या. कोरडं बोट उंचवट्यांवरच टेकतं, म्हणून तेवढंच पेटतं. ओल्या बोटाला वळ्या दिसत नाहीत, सगळा ठिपका भरून येतो.

यातून एक अडचणही समोर आली. बोट जे पेटवतं ते बोटच झाकतं. समोरून बघणाऱ्याला हाताच्या कडेने फुटणारा उजेड तेवढा दिसतो. मग ओला पंजा टेकवला आणि काढला. काढल्यावर पंजाचा ठसा पाच बोटांसकट तसाच पेटलेला राहिला, कारण पाणी मागे राहिलं होतं. खाली ओघळ येईपर्यंत, सुकेपर्यंत तो राहतो. दिसायला भारी. पण इशारा म्हणून बघितलं तर हात काढल्यावरही 'थांब' चालूच.

पट्टी गुणगुणते. बेरियम टायटनेट विजेने किंचित फुगतं आकसतं, त्यामुळे हजार हर्ट्झचा बारीक सूर सगळ्या खोलीत ऐकू येतो. काकांना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न: "शॉक लागाचो नाय मा?"

२७ जून

काकांचा प्रश्न आधी. इन्व्हर्टरचं आउटपुट बॅटरीपासून ट्रान्सफॉर्मरने वेगळं. प्रत्येक घराच्या वाटेत मालिकेत एक छोटा कपॅसिटर, म्हणजे अख्खा पंजा टेकला आणि पाय ओल्या डेकवर असले तरी अंगातून अर्ध्या मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह जाणार नाही. तेवढा जाणवतही नाही. याची किंमत उजेडात मोजावी लागते: लहान थेंब लख्ख पेटतो, मोठा पंजा मंद. त्यावर दुसरा उपाय नाही आणि मला तो शोधायचाही नाही. फिल्म फाटली किंवा इन्सुलेशनला छिद्र पडलं तर तोच कपॅसिटर शेवटची राखण.

६ जुलै

आषाढी. साबुदाण्याच्या खिचडीनंतर पुन्हा खोलीत.

खरं काम पट्टी पेटवणं नव्हतंच. पाण्यातून हात वेगळा ओळखणं होतं. पट्टीला पाऊस, लाट आणि पंजा सगळे सारखेच. शेजारचा खलाशी पोरगा बघून म्हणाला, "पावसान पेटता, मग हात कित्याक लावचो?" बरोबर आहे त्याचं.

पाऊस आणि समुद्र वेगळे करणं त्यातल्या त्यात सोपं. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण ५ सीमेन्स प्रति मीटर. पावसाच्या पाण्याची हजार पटीने किंवा त्याहूनही कमी. पावसाची पातळ साय वारंवारता वाढवली की मागे पडते: फटीच्या काठाने उजेड राहतो आणि चांदीच्या पट्टीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. खाऱ्या पाण्यावर वारंवारतेचा तसा परिणाम दिसत नाही. म्हणून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे पट्टी चालवणारी संगणकी चिप, अधूनमधून क्षणभर वारंवारता वर नेतो आणि प्रवाह मोजतो.

लाट आणि हात यांचं कोडं मात्र चांगलं चिवट निघालं. दोन्ही खारे, दोन्ही वाहक. फरक एवढाच की पाण्याचा थेंब चांदीच्या दोन पट्ट्यांना जोडतो आणि तिथेच संपतो; हाताच्या मागे अख्खा माणूस उभा असतो, आणि तो माणूस बोटीवर उभा असतो. म्हणजे थेंब पडला तर एका पट्टीतून गेलेला प्रवाह दुसरीतून तेवढाच परत आला पाहिजे. हात असेल तर थोडा वाटेत अंगातून खाली जाईल आणि दोघांत तफावत पडेल. घरातल्या ईएलसीबीचं तत्त्व तेच. तो तफावत दिसली की वीज तोडतो, मी तफावत दिसली की 'हात' म्हणणार.

कागदावर झालं, प्रत्यक्षात तफावत शून्य. दोन तास वायरी तपासल्यावर कारण आकृतीतच दिसलं: इन्व्हर्टर दोन्ही पट्ट्या सारख्या पण उलट चालवतो, एक वर तेव्हा दुसरी तेवढीच खाली. हात बरोबर मधोमध म्हणजे शून्यावर बसतो आणि शून्यातून जमिनीकडे काहीच जात नाही. आता चांदीची एक पट्टी बोटीच्या लोखंडाशी बांधायची आणि दुसरी एकटी वरखाली करायची. मग हात मधल्या व्होल्टेजवर बसतो आणि तफावत लगेच दिसते. लाकडी टेबलाखाली लोखंडी पत्रा, त्यावर ओलं पोतं, त्यावर मी अनवाणी. वहिनी दारातून बघून काही न बोलता गेली.

पेटलेल्या ठशाचाही प्रश्न यातच सुटला. हात काढला की तफावत जाते, इशारा बंद. उजेड मात्र थोडा वेळ रेंगाळतो. तो ठेवायचा असं ठरवलं: मागून येणाऱ्याला कळतं की आत्ता कुणीतरी कुठल्या घरावर हात मारला होता.

१७ जुलै

गेल्या महिन्यातले तुकडे मुद्दाम न्हाणीघरात टांगून पेटते ठेवले होते. कडेपासून आत काळवंडत आलेत. झिंक सल्फाइडला ओल आणि उजेड एकत्र मिळाले की ते करडं पडतं. कणांवर ऑक्साइडचं कवच असलेली पूड घेतली आहे म्हणून मधला भाग शाबूत, पण कापलेल्या कडेवर कवच फुटतं. चांदीच्या टोकांवरही काळी कड. आता चांदीवर कार्बनच्या शाईचा एक हात आणि चारी कडा सीलंटने बंद.

सीलंट घेताना डबी नीट वाचून घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं ते सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखं वास मारतं, तो ॲसेटिक ॲसिड असतो आणि तो तांबं खातो. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना असं ॲसिड न सोडणारं, लिहिलेलं हवं. देवगडात मिळालं नाही, कणकवलीहून मागवलं.

केबिनमधली पट्टी झाली. ती साधी, वर पेडॉटचा थर असलेली, कारण तिथे कोरडं आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही. अक्षरं दादाने स्वतः काढली, नाटकाच्या बोर्डावर असतात तशी ठळक. दोन पट्ट्यांमध्ये केबल टाकायची. वायरलेस नको; अडला नडला तर केबल खलाशी स्वतः जोडू शकतात.

३१ जुलै

बोटीवरची ताडपत्री आणि झापं उतरली. खांब तीन इंची पाइपाचा, बाहेरचा व्यास ८९ मिलिमीटर. पट्टीची सगळी मिळून जाडी पाव मिलिमीटर. गुंडाळल्यावर वरच्या थराला पडणारा ताण म्हणजे जाडी भागिले व्यास, जेमतेम ०.२८ टक्के. एवढ्यावर ठिसूळ इंडियम टिन ऑक्साइडही तडकला नसता. लवचीक लवचीक म्हणून आपण जे कौतुक करतो त्यातलं फारच थोडं खांबाला लागतं. खरी कसोटी पट्टी बसवताना: खलाशी ती वर्तमानपत्रासारखी घडी करून काखेत मारतो. अर्धवट सुकलेल्या तुकड्यांना घडी घालून बघितलं, चांदीची रेघ घडीवर तुटते. त्यामुळे पट्टी पीव्हीसी पाइपच्या अर्ध्या फाकेवर आधीच चिकटवून दिली. आता घडी घालायची सोयच नाही.

दुसरी अडचण ओघळाची. लाटेचं पाणी खांबावरून सलग खाली डेकपर्यंत वाहतं, आणि सलग वाहणारं खारं पाणी म्हणजे बोटीच्या लोखंडाला जोडलेली तार. तेव्हा पाणीही माणसाचं सोंग घेतं. उपाय घराच्या छपरावर सापडला. पागोळ्या कौलाच्या टोकाशी का तुटतात, तर टोक पुढे आलेलं असतं. पट्टीवरच्या प्रत्येक घराच्या वर आणि खाली सिलिकॉनची बोटभर पुढे आलेली कड ओतली. पाणी कडेशी येतं, थेंब होऊन गळतं, धार तुटते. बादल्या ओतून बघितल्या. भरभर ओतलं तर क्षणभर धार जुळते, म्हणून 'हात' ठरवायला थोडा वेळ थांबायचं आणि तिन्ही घरं एकदम पेटली तर ती लाट समजायची.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बंदरात नारळ सोडून झाल्यावर पट्टी बसवली. इन्व्हर्टर केबिनमध्ये, बॅटरीच्या पेटीवर. काकांनी पट्टीलाही हळदकुंकू लावलं. हळदीच्या ओल्या बोटाने 'हळू' पेटलं.

१३ ऑगस्ट

पहाटे तीनला निघून दुपारी परत. मी गेले होते, उलट्या वगळून लिहिते.

केबिनमधली पट्टी काकांना पटली. अंधारात तेवढंच अक्षर हिरवं, काचेवर चकाकी नाही. एकदा 'थांब' लागलं आणि त्यांनी मान न वळवता विंच थांबवलं. डेकवर चित्र वेगळं. जाळं ओढताना वर एलईडीचे फ्लडलाइट असतात, त्यांच्यापुढे पट्टीचा उजेड दिसतच नाही. खलाश्यांना पेटल्याचं कळत नाही म्हणून ते दोनदा तीनदा हात मारतात, काही जोरात. हातमोज्यांनी काम चांगलं झालं. रबरी मोज्याच्या बाहेर पाणी असतं आणि आत हात, रबर मध्ये कपॅसिटरसारखं. कापडी मोजे तर भिजलेलेच.

लाटांनी खोटा इशारा दिला तो फक्त 'ओढ'वर, सगळ्यात खालच्या घरावर, जिथे डेकवरचं पाणी उसळून येतं. 'ओढ' सगळ्यात वर घ्यायचं. खोटं 'थांब' एक वेळ परवडेल, खोटं 'ओढ' नाही.

२० ऑगस्ट

चार दिवस पावसाने झोडपून काढलंय. बोटी बंदरात. बाहेरच्याही आसऱ्याला आल्यात.

काल संध्याकाळी पाऊस थांबल्यावर काकांचा फोन: पट्टी आपोआप पेटली आहे. गेले. कुणी हात लावलेला नाही, पाऊस नाही, कडेच्या आडोशाला पडलेला मिठाचा पांढुरका थर, आणि त्या थराच्या आकाराचा मंद उजेड. मीठ वाळलं म्हणजे संपलं असं नसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. इथे सध्या ती त्याच्या खाली उतरतच नाही. म्हणजे दर फेरीनंतर पट्टी स्वतःचा ओला थर स्वतः तयार करणार. इशारा गेला नव्हता, तफावतीच्या हिशेबाने तो पाणीच ठरवला. पण पट्टी रात्रभर पेटत राहिली तर फॉस्फरचं आयुष्य उगीच जळतं.

उपाय साधे ठेवलेत. विंचचं इंजिन बंद तर पट्टीची वीज बंद. आणि बर्फ उतरवून झाल्यावर डेकवर गोडं पाणी मारतात, तेव्हा खांबावरही मारायचं.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. टेबल दादाने परत घेतलं, त्यावर आता पावती पुस्तकं आणि आरत्या. पुढची छपाई विसर्जनानंतर.

तेव्हा करायचं: घरांचा क्रम बदलायचा. फ्लडलाइट आडवा येऊ नये म्हणून खांबावर पत्र्याची छोटी टोपी. डेकवर हात पोचल्याची खूण उजेडाने नाही तर थरथरीने द्यावी का, बघते. पाइपाच्या फाकेखाली फोनमधली मोटर बसेल. कडेचं सिलिकॉन थोडं मऊ घ्यायचं, एका ठिकाणी वायररोप घासून ते निघालंय.

खलाश्यांना चौथं घर हवंय: 'चहा'. काका हसले, मी होकार दिला. 'थांब' कधीतरी लागतं, आणि महिनाभर न लागलेलं घर चालू आहे की मेलंय ते कुणालाच कळत नाही. चहा दोन दोन तासांनी लागतो. चौथं घर त्याच चांदीच्या मुख्य रेघेवर, सगळ्यात शेवटच्या टोकाला घेते, म्हणजे रेघ वर कुठेही तुटली तर आधी चहा बंद होईल आणि बोंब लगेच होईल. अक्षर दादाने काढून ठेवलंय, फिल्म कणकवलीहून शुक्रवारी येते.